ख्रिस्त आणि देवदूत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेकडे रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात चहा होतो, आणि खरे प्रश्न तिथेच निघतात. उपदेश चालू असताना कुणी हात वर करत नाही. खालचे बरेचसे प्रश्न अशा चहावरचे, काही तरुण संघाच्या बायबल अभ्यासातले, तर काही शेजारच्या हिंदू-मुस्लिम मित्रांनी सहज विचारलेले आहेत. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, हे उत्तरांवरून कळेलच. कॅथलिक शिकवण जिथे वेगळी आहे तिथे ती तशी सांगितली आहे.

येशू हा देवदूत आहे का?

नाही.

पण सगळ्या देवदूतांचा प्रमुख, सर्वांत मोठा देवदूत म्हटलं तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडतं. हा प्रश्न पहिल्या शतकातही होता, आणि नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय जवळजवळ सगळा त्यावरच खर्ची पडला आहे. लेखक जुन्या करारातली सात वचनं एकापाठोपाठ एक मांडतो. त्यातली बहुतेक स्तोत्रसंहितेतली आहेत. ‘तू माझा पुत्र आहेस’ असं देव कुठल्या देवदूताला कधी म्हणाला, असा त्याचा पहिलाच सवाल आहे. पुढे तो सांगतो की देवाचे सगळे दूत पुत्राला, म्हणजे ख्रिस्ताला, नमन करतात. पुत्राचं राजासन युगानुयुगाचं आहे. देवदूतांना मात्र देव वारा आणि अग्निज्वाला यांसारखे सेवक करतो. आणि शेवटी पुन्हा सवाल : ‘माझ्या उजवीकडे बैस’ असं कुठल्या देवदूताला सांगितलं आहे?

बसणं आणि उभं राहणं, एवढ्यावर लक्ष ठेवून हा अध्याय वाचा. गब्रीएल हा देवदूत जखऱ्याला (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांना) स्वतःची ओळख करून देतो तेव्हा ‘मी देवासमोर उभा असणारा’ असं सांगतो. यशयाच्या दर्शनात सराफीम नावाचे देवदूत उभे आहेत. दानीएलाच्या दर्शनात लाखो सेवक उभे आहेत. देवाच्या उजवीकडे बसलेला एकच आहे.

साताऱ्याच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं, कारण गादी म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही. दरबारात भालदार-चोपदारांचा रुबाब मोठा असतो. पोशाख भरजरी, हातात चांदीची काठी, आवाज असा की सगळे उठून उभे राहावेत. नवख्याला वाटेल, हाच राजा. पण ललकारी देऊन झाली की तो बाजूला सरतो. चोपदाराला कितीही बढती मिळाली तरी तो युवराज होत नाही, कारण ते नातं बढतीचं नाही, जन्माचं आहे. इब्री पत्राचा मुद्दा नेमका हाच आहे. ख्रिस्त देवदूतांच्या वरच्या पायरीवर आहे असं ते म्हणत नाही. तो त्या जिन्यावरच नाही, असं ते म्हणतं. (दरबारावरून आठवलं : ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यातच आपल्या ‘देवाच्या दरबारा’ची, म्हणजे ख्रिस्तभक्तांच्या मंडळाची, सुरुवात केली. आज साताऱ्यातल्या ख्रिस्ती मुलांनाही हे फारसं माहीत नसतं.)

मग देवदूतांना निर्माण कुणी केलं?

ख्रिस्ती उत्तर थेट आहे : ख्रिस्ताच्या द्वारे आणि ख्रिस्तासाठी. कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की आकाशातलं आणि पृथ्वीवरचं, दिसणारं आणि न दिसणारं, राजासनं, अधिपत्यं, सत्ता, अधिकार हे सारं त्याच्या ठायी निर्माण झालं. ही न दिसणारी ‘राजासनं’ आणि ‘अधिपत्यं’ म्हणजे देवदूतांचेच वर्ग, असं चर्चनं पहिल्यापासून मानलं आहे.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अरीयसनं मधला मार्ग काढला होता. त्याच्या मते पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा आणि सर्वांहून थोर होता, पण तोही निर्माण केलेलाच. ऐकायला हे आदराचं वाटतं. तरी हिशेब केला तर असा ख्रिस्त निर्माण झालेल्यांच्याच बाजूला पडतो, देवदूत जिकडे आहेत तिकडे. इ. स. ३२५ मध्ये नायसीया इथे भरलेल्या परिषदेनं हे नाकारलं आणि पुत्र ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ असं ठरवलं. आपल्याकडे पर्वणीच्या उपासनेत जो लांब मतांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणतात तो या परिषदेपासूनचा. त्यातले ‘दृश्य व अदृश्य’ हे शब्द बहुतेक जण घाईत म्हणून टाकतात. देवदूत त्या ‘अदृश्य’मध्ये येतात.

इब्री २ मध्ये येशूला ‘देवदूतांपेक्षा थोडं कमी’ केलं, असं आहे. हे तर उलटंच झालं!

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण विचारणाऱ्यानं पुढचा अध्याय उघडलेला असतो.

मूळ वचन आठव्या स्तोत्रातलं. तिथे ते माणसाबद्दल आहे : मनुष्य तो काय की तू त्याची आठवण करावीस? इब्री पत्राचा लेखक ते वचन घेतो आणि म्हणतो, सर्व काही माणसाच्या पायाखाली ठेवलं आहे असं लिहिलंय खरं, पण आपल्याला तसं काही दिसत नाही. हा प्रामाणिकपणा बघण्यासारखा आहे. माणसाच्या पायाखाली सगळं? दुष्काळ पडला तर जतकडे टँकर, पाऊस झाला तर सांगलीत बोटी. मग तो म्हणतो, ‘पण आपण येशूला पाहतो’. ज्याला थोड्या वेळापुरतं देवदूतांपेक्षा खाली आणलं गेलं, ज्यानं मरण सोसलं आणि ज्याला आता गौरवाचा मुकुट घातला आहे, त्याला.

म्हणजे पहिला अध्याय ख्रिस्त देवदूतांच्या किती वर आहे हे सांगतो आणि दुसरा सांगतो की तो त्यांच्या खाली उतरला. दोन्ही एकदम खरं आहे. देवदूत मरू शकत नाहीत. त्यांना शरीर नाही. पुत्राला मरायचं होतं, म्हणून त्याला देवदूत होऊन चालणार नव्हतं. रक्तमांसाचा माणूसच व्हावं लागलं. त्याच अध्यायाच्या सोळाव्या वचनात हे स्पष्ट आहे : तो देवदूतांच्या साहाय्याला जात नाही, अब्राहामाच्या वंशाच्या साहाय्याला जातो.

माझं मत विचाराल तर सगळा विषय या एका ठिकाणी उकलतो. उच्च-नीच एवढंच बघणारा माणूस इथे गोंधळतो. ज्यानं देवदूत घडवले त्यानंच देवदूतांहून खालची जागा घेतली, आणि ती आपल्यासाठी घेतली. ही गोष्ट देवदूतांनाही नवलाची वाटते. ‘ह्या गोष्टी न्याहाळून पाहण्याची उत्कंठा देवदूतांना आहे’ अशा अर्थाचं पेत्राचं वाक्य आहे (१ पेत्र १:१२). तारणाच्या बाबतीत ते प्रेक्षक आहेत. आपण त्या गोष्टीच्या आत आहोत.

पहिल्या शतकातल्या लोकांना देवदूतांचं एवढं आकर्षण का होतं?

एक कारण यहूदी परंपरेतलं. सीनाय पर्वतावर नियमशास्त्र देवदूतांच्या द्वारे मिळालं, अशी समजूत होती. प्रेषितांच्या कृत्यांतल्या स्तेफनाच्या भाषणात ती आहे, पौलाच्या गलतीकरांस पत्रात आहे, इब्री २:२ मध्येही आहे. मग साहजिकच विचार येतो की ज्यांनी नियमशास्त्र आणलं ते किती थोर!

दुसरं कारण माणसाच्या स्वभावातलं आहे. देव फार दूर वाटतो, म्हणून कुणीतरी मधला हवासा वाटतो. कलस्सै इथल्या मंडळीत देवदूतांची उपासना शिरली होती आणि पौलानं तिच्याबद्दल कानउघाडणी केली (कलस्सै २:१८). पण खोड गेली नाही. शेजारच्याच लावदिकीया शहरात चौथ्या शतकात परिषद भरली, तेव्हा तिच्या ३५व्या नियमानं पुन्हा बजावावं लागलं की ख्रिस्ती लोकांनी चर्च सोडून देवदूतांच्या नावानं मेळे भरवू नयेत. मधे तीनशे वर्षं गेली होती.

मीखाएल म्हणजेच येशू, असं घरी येणारे लोक पुस्तक उघडून दाखवतात. खरं आहे का?

यहोवाचे साक्षीदार असं शिकवतात. त्यांच्याशी भांडू नका. पाणी विचारा, आणि मग पुस्तकाऐवजी बायबल उघडा.

मीखाएल या देवदूताचं नाव सबंध बायबलमध्ये पाचच ठिकाणी येतं : दानीएलात तीनदा, यहूदाच्या पत्रात एकदा, प्रकटीकरणात एकदा. दानीएल १०:१३ मध्ये तो ‘मुख्य अधिपतींपैकी एक’ आहे. ‘पैकी एक’ हे शब्द सोडू नका. पुत्र अनेकांपैकी एक नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तो एकुलता एक आहे.

यहूदाच्या पत्राचं नववं वचन त्याहून बोलकं आहे. मोशेच्या शरीरावरून सैतानाशी वाद चालला असता मीखाएलला स्वतःच्या तोंडानं त्याला दोष द्यायचं धाडस झालं नाही. ‘प्रभू तुला धमकावो’ एवढंच तो म्हणाला. आता याच्या शेजारी मार्क १:२५ ठेवा. कफर्णहूमच्या सभास्थानात येशू भुताला सरळ दटावतो : गप्प राहा, याच्यातून नीघ. तो कुणाच्या नावाचा आधार घेत नाही.

साक्षीदारांचा मुख्य आधार १ थेस्सलनी ४:१६ आहे. तिथे प्रभू ‘आद्यदेवदूताच्या वाणीसह’ स्वर्गातून उतरतो, म्हणून तो स्वतःच आद्यदेवदूत, असं ते म्हणतात. पण त्याच वाक्यात ‘देवाच्या तुतारीच्या नादासह’ असंही आहे. तुतारीच्या नादासह येतो म्हणून प्रभूला कुणी तुतारी म्हणत नाही.

एक फरक मात्र न्यायानं सांगायला हवा. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीही मीखाएल हे ख्रिस्ताचं नाव मानते, पण ती ख्रिस्ताला अनादी देव मानते, निर्माण केलेला मानत नाही. नाव तेच, शिकवण अगदी वेगळी. दोघांना एकाच माळेत ओवू नका.

जुन्या करारात ‘परमेश्वराचा दूत’ येतो आणि स्वतः देवासारखं बोलतो. तो कोण?

इथे मात्र विद्वानांचंही एकमत नाही, आणि ते बरंच आहे.

ती प्रकरणं एकदा सलग वाचून बघा. रानात झऱ्याजवळ हागारेला परमेश्वराचा दूत भेटतो आणि ती त्याला ‘पाहणारा देव’ म्हणते (उत्पत्ती १६). अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो तेव्हा मोरिया डोंगरावर तो त्याचा हात अडवतो आणि म्हणतो, ‘तू आपला पुत्र मला द्यायला मागेपुढे पाहिलं नाहीस’. ‘देवाला’ नव्हे, ‘मला’. जळत्या झुडपात दूत दिसतो, पण बोलतो देव. शास्ते १३ मध्ये मानोहा त्याचं नाव विचारतो, तर माझं नाव अद्भुत आहे, कशाला विचारतोस, असं उत्तर मिळतं. मग वेदीवरच्या ज्वालेतून तो वर निघून जातो आणि मानोहा घाबरून बायकोला म्हणतो, आपण देवाला पाहिलं, आता आपण मरणार. बायको शहाणी. ती म्हणते, मारायचंच असतं तर त्यानं आपल्या हातचं अर्पण कशाला घेतलं असतं?

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर यानं मांडलं की हा दूत म्हणजे देहधारी होण्यापूर्वीचा ख्रिस्तच. त्याच्या काळच्या अनेकांना ते पटलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनं दुसरी बाजू घेतली : तो खराच देवदूत, निर्माण केलेला, देव त्याच्या मुखातून बोलतो, म्हणून ‘मी’ म्हणतो. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात (१:१२) हाच दूत परमेश्वराला विनंती करताना दिसतो, ते ऑगस्टीनच्या बाजूला जातं. हागारेची गोष्ट जस्टिनच्या बाजूला.

मला स्वतःला जस्टिनचं म्हणणं मोहात पाडतं, पण त्यावर सिद्धांत उभारावा असं वाटत नाही. एक गोष्ट पक्की : जिथे जिथे ‘प्रभूचा दूत’ दिसेल तिथे तिथे ख्रिस्त, असं म्हणता येत नाही. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात प्रभूचा दूत योसेफाच्या स्वप्नात येतो, तेव्हा ख्रिस्त मरीयेच्या उदरात आहे.

येशूच्या आयुष्यात देवदूत केव्हा केव्हा आले?

सुरुवातीला आणि शेवटी गर्दी, मधे जवळजवळ कुणी नाही. जन्माच्या वेळी गब्रीएल, योसेफाची स्वप्नं, मेंढपाळांसमोरचा समुदाय. अरण्यातल्या परीक्षेनंतर देवदूत येऊन त्याची सेवा करतात. पण कधी? सैतान निघून गेल्यावर. परीक्षेच्या वेळी देवदूतांचा विषय काढतो तो सैतानच. तो ९१वं स्तोत्र म्हणून दाखवतो : उडी टाक, ते तुला हातांवर झेलतील. येशू उडी टाकत नाही.

त्यानंतर बाप्तिस्मे, चमत्कार, डोंगरावरचं प्रवचन, कुठेही देवदूत नाहीत. येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावरही मोशे आणि एलीया आहेत, देवदूत नाहीत. गेथशेमाने बागेत एक देवदूत त्याला बळ द्यायला येतो (लूक २२:४३). हे वचन काही फार जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून काही आवृत्त्यांत त्याला कंस किंवा टीप असते. त्याच रात्री येशू पेत्राला म्हणतो, मी मागितलं तर पिता मला बारा सैन्यांपेक्षा अधिक देवदूत देणार नाही का? रोमी सैन्याची एक तुकडी पुरी भरलेली असली की सुमारे ६,००० माणसांची, म्हणजे ७२,००० वर. त्यानं मागितले नाहीत. क्रुसाजवळ एकही देवदूत नाही.

मग रिकामी कबर. योहान २० मधला बारीक तपशील बघा : दोन देवदूत बसलेत, एक उशाशी, एक पायथ्याशी, जिथे येशूचं शरीर होतं तिथे. कराराच्या कोशावरच्या दयासनावर (झाकणावर) दोन बाजूंना दोन करूबीम, म्हणजे पंखवाल्या देवदूतांच्या मूर्ती, असत, निर्गम २५ मध्ये ते वर्णन आहे. योहानाला तेच सुचवायचं असावं असं अनेक भाष्यकार मानतात. मरीया मग्दालिया मात्र त्यांच्याकडे धड बघतही नाही. बाकी शुभवर्तमानांत देवदूत दिसला की लोक भीतीनं थरथरतात. ही रडत रडत त्यांना उत्तर देते आणि पाठ फिरवते, कारण तिला प्रभू हवा आहे. देवदूतांबद्दल ख्रिस्ती माणसानं कसं असावं हे मला या बाईकडून कळलं. कुठल्या ग्रंथातून एवढं कळलं नव्हतं.

देवदूतांसाठी ख्रिस्त मेला का? पतित देवदूतांचं तारण होईल का?

नाही, असंच चर्चचं सर्वसाधारण उत्तर आहे. पवित्र देवदूतांना तारणाची गरज नाही, आणि पतितांसाठी तारणाची योजना शास्त्रात दिसत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेननं अखेर सगळंच देवाकडे परतेल अशी आशा मांडली होती. सहाव्या शतकात ती शिकवण दोषी ठरवली गेली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यानं कारण दिलं : देवदूताचं ज्ञान एका क्षणात पूर्ण असतं, म्हणून त्याची निवडही कायमची. माणूस चुकतमाकत शिकतो, म्हणून त्याला मागे फिरायला वाव आहे.

कलस्सै १:२० मध्ये ‘स्वर्गातल्या’ गोष्टींचाही समेट क्रुसाच्या द्वारे झाला असं आहे, त्याचा अर्थ काय यावर मतभेद आहेत. ते वाचून गोंधळलात तर तुम्ही एकटे नाही.

देवदूतांना प्रार्थना करावी का?

प्रकटीकरणात योहान दोनदा देवदूताच्या पाया पडायला जातो, १९व्या अध्यायात आणि परत २२व्यात. दोन्ही वेळा देवदूत त्याला थांबवतो : असं करू नकोस, मी तुझ्या सोबतीचा दास आहे, नमन देवाला कर. आणि त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लाखो देवदूत वधलेल्या कोकऱ्याची स्तुती करतात, तेव्हा त्यांना कुणी थांबवत नाही. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की ख्रिस्त आणि देवदूत यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

कॅथलिक चर्च उपासना आणि विनंती यांत भेद करतं. उपासना फक्त देवाची. पण संतांना करतो तशी देवदूतांना ‘आमच्यासाठी विनंती करा’ अशी साद घालायला हरकत नाही, असं ते मानतं. मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल यांचा सण २९ सप्टेंबरला, संरक्षक देवदूतांचा २ ऑक्टोबरला. राफाएलचं नाव तोबीत या पुस्तकातलं, जे प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. म्हणून आपल्या मुलांना ते ठाऊक नसतं. आणि तिथेही मोकळं रान नाही : इ. स. ७४५ मध्ये रोमच्या धर्मसभेनं शास्त्रात नसलेल्या नावांचे देवदूत आळवायला मनाई केली होती.

आपल्या भागात साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशननं आणि मिरज-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं काम केलं. दोन्ही प्रॉटेस्टंटांमधल्या ‘रिफॉर्म्ड’ परंपरेतली. त्यामुळे आपण देवदूतांना प्रार्थना करत नाही हे ठीकच. पण आपण त्यांचं नावही काढत नाही, डिसेंबर सोडून. हे मला दुसरं टोक वाटतं. ल्यूथरची सकाळची प्रार्थना छान आहे. ती देवाला उद्देशून आहे आणि तिच्यात मागणं आहे की तुझा पवित्र दूत माझ्यासोबत असू दे.

प्रत्येकाला स्वतःचा संरक्षक देवदूत असतो का?

मत्तय १८:१० मध्ये येशू लहानग्यांबद्दल म्हणतो की ‘त्यांचे दूत’ स्वर्गात पित्याचं मुख सतत पाहतात. देवदूत राखण करतात एवढं त्यावरून नक्की. माणशी एक, असं मात्र त्यात लिहिलेलं नाही. कॅथलिक परंपरा माणशी एक मानते.

आमच्याकडे विष्णुदूत आणि यमदूत असतात. तसेच का हे?

अजामिळाची गोष्ट ठाऊक असलेल्या मित्राचा हा प्रश्न. साम्य आहे. लूक १६ मध्ये गरीब लाजर मरतो तेव्हा देवदूत त्याला अब्राहामाच्या उराशी नेऊन ठेवतात. पण ख्रिस्ती शिकवणीत न्यायाचा आणि मृत्यूचा वेगळा देव नाही, त्याचे वेगळे दूतही नाहीत. न्याय ख्रिस्ताच्याच हाती आहे आणि मत्तय १३:४१ मध्ये मनुष्याचा पुत्र ‘आपल्या’ दूतांना पाठवतो. दूत त्याचे आहेत.

गब्रीएल म्हणजे आमचा जिब्रील ना?

मिरजेत दर्ग्याच्या आसपास राहणाऱ्या कुठल्याही ख्रिस्ती मुलाला हा प्रश्न शाळेतच भेटतो. हो, नाव तेच. मरियमकडे निरोप आला हेही दोघं मानतात. इस्लाममध्ये जिब्रीलचं सर्वांत मोठं काम म्हणजे मुहम्मद पैगंबरांपर्यंत कुराण पोचवणं, आणि ईसा हे पैगंबर. ख्रिस्ती श्रद्धेत गब्रीएलनं सांगितलेलं बाळ त्या निरोपाहून आणि निरोप्याहून मोठं आहे. फरक इथे आहे. तो हसतखेळत मान्य करता येतो. लपवायची गरज नाही.

आमचं बाळ गेलं. ते आता देवदूत झालं, असं सगळे म्हणतात. झालं का?

बाळ देवदूत होत नाही. माणूस आणि देवदूत या दोन निरनिराळ्या निर्मिती आहेत. पुनरुत्थानात लोक लग्न करत नाहीत, त्या बाबतीत ते देवदूतांसारखे असतील, एवढंच मत्तय २२:३० मध्ये आहे.

पण हे उत्तर दफनभूमीत द्यायचं नाही. कुणी आई तसं म्हणाली तर गप्प राहावं, तिच्याजवळ बसावं. नंतर कधी तिनं आपणहून विचारलं तर सांगावं की तुझ्या बाळाला मिळणार आहे ते याहून मोठं आहे. पुत्रानं देवदूताचं रूप घेतलं नाही, बाळाचं घेतलं. आणि आपण देवदूतांचाही न्याय करणार आहोत, असं पौल करिंथकरांना लिहितो (१ करिंथ ६:३). तिचं बाळ तिचंच राहील, त्याच नावाचं.

२०१९च्या पुरात बोटीतून आलेल्या जवानांना पेपरवाल्यांनी ‘देवदूत’ म्हटलं. ख्रिस्ती माणसानं असं म्हणावं का?

बेलाशक म्हणावं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, घराचा खालचा मजला बुडालेला, आणि गच्चीवरून म्हातारीला उचलून बोटीत घेणारा माणूस देवाचा निरोप्या वाटला तर त्यात चूक काय? लोकांनी त्या जवानांच्या हाताला राख्या बांधल्या. अब्राहामाच्या तंबूपाशी आलेले तिघेही साधे वाटसरूच दिसत होते. पाहुणचार विसरू नका, त्यामुळे काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला, असं इब्री १३:२ सांगतं.

देवदूतांना पंख असतात का?

यशयाच्या सराफीमांना सहा, यहेज्केलाच्या करूबीमांना चार. मरीयेकडे आलेल्या गब्रीएलच्या पंखांचा लूक उल्लेख करत नाही. नाताळच्या नाटकातले थर्माकोलचे पंख चालू द्या. चमकी मात्र वेदीच्या कापडावर सांडू देऊ नका, पुढच्या ईस्टरपर्यंत निघत नाही.

घड्याळात ११:११ दिसलं की तो एंजल नंबर असतो का?

नाही. ११ वाजून ११ मिनिटं झालेली असतात.

एखादा देवदूत येऊन काही वेगळंच सांगू लागला तर?

पौलानं याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय : स्वर्गातल्या देवदूतानं जरी वेगळं शुभवर्तमान सांगितलं तरी तो शापित असो (गलती १:८). सैतानही तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो, असं त्यानं करिंथकरांना लिहिलं आहे. दर्शन किती लखलखीत होतं यावर जाऊ नका. ते ख्रिस्ताकडे नेतं की स्वतःकडे वळवतं, हे बघा. दर्शनाबरोबर कुणाचा खाते क्रमांक आला तर उत्तर आणखी सोपं आहे.

प्रभू परत येईल तेव्हा देवदूत असतील का? आणि तारीख त्यांना माहीत आहे का?

असतील. मत्तय २५:३१ मध्ये मनुष्याचा पुत्र सर्व देवदूतांसह गौरवानं येतो, आणि २४:३१ मध्ये ते तुतारीच्या मोठ्या नादानं चारही दिशांकडून निवडलेल्यांना गोळा करतात. पहिल्या वेळी ते गव्हाणीची बातमी सांगायला आले होते. त्या वेळी ते त्याच्या मागे चालत येतील.

तारीख त्यांना माहीत नाही. मार्क १३:३२ मध्ये येशू म्हणतो की तो दिवस स्वर्गातल्या दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुत्र देव असून त्याला कसं ठाऊक नाही, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. चर्चच्या जुन्या आचार्यांनी त्याचं उत्तर बहुतेक असं दिलं : खाली उतरताना त्यानं माणसाची मर्यादा खरोखर पत्करली होती, आणि माणूस म्हणून तो हे बोलला. इब्री २ मधलं ‘थोडं कमी’ इथेही आहे. ग्रुपवर तारखेचा मेसेज आला तर हे वचन पुढे पाठवा.